देहांतील पिवळा सराफ

श्रीखंडासाठीं दहीं फडक्यांत टांगलें कीं खालच्या भांड्यांत हिरवट-पिवळ्या झांकेचें पाणी ठिबकूं लागतें. कोणी तें कणीक मळण्यास वापरतें, कोणी मोरींत ओतून देतें. ती झांक ज्या द्रव्याची, त्याचें नांव रिबोफ्लेविन, म्हणजेच ब-२ जीवनसत्त्व. आहारांत तें उणें पडलें तर ओठांचे कोपरे चिरतात, जीभ लाल होऊन हुळहुळते. एवढ्याशा द्रव्यावांचून देहाचें अडावें तें कां?

ह्या प्रश्नाचा उलगडा करण्यांत ह्यूगो थिओरेल ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाचा मोठा वांटा आहे. त्यांनीं वैद्यकाचें शिक्षण घेतलें. परंतु पोलिओनें पाय अधू झाल्यामुळें रुग्णसेवेचा मार्ग सोडून ते संशोधनाकडे वळले. १९३३ सालीं ते बर्लिन येथें ओटो वॉरबुर्ग ह्यांच्या प्रयोगशाळेंत गेले. वॉरबुर्ग व ख्रिश्चन ह्यांनीं थोड्याच दिवसांपूर्वीं यीस्टमधून एक पिवळें विकर, म्हणजे एन्झाइम, मिळविलें होतें. थिओरेल ह्यांनीं तें शुद्ध केलें आणि सौम्य आम्लाच्या योगानें त्याचे दोन भाग केले: एक पिवळें रंगद्रव्य, दुसरें रंगहीन प्रथिन. निरनिराळे ठेवले तेव्हां दोन्ही भाग निष्क्रिय! एकत्र केले, तों विकर पूर्ववत् काम करूं लागलें. तें रंगद्रव्य म्हणजे फॉस्फेट जोडलेलें रिबोफ्लेविनच होतें. ताटांतील जीवनसत्त्व आणि पेशींतील विकर ह्यांचें नातें असें उघड झालें. १९५५ सालीं थिओरेल ह्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां ह्या रंगद्रव्याचें काम पाहूं. अन्नांतून निघालेले विद्युत्कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, टप्प्याटप्प्यानें अखेर प्राणवायूस पोंचतात. वाटेंत जी शक्ति सुटते तिच्यावर देह चालतो. परंतु ह्या वाटेवर एक अडचण आहे. एनएडीएच नांवाचा वाहक विद्युत्कणांची जोडीच एकदम देतो, आणि पुढें उभे असलेले लोह-गंधकाचे पुंज एका वेळीं एकच घेतात. एकाच्या हातीं बंदा रुपया, दुसऱ्यास घ्यावयाची जुन्या चलनांतील अधेली. मध्यें मोड देणारा सराफ नसेल तर व्यवहार थांबलाच! तें काम फ्लेविन करतें. तें जोडी स्वीकारतें आणि एकेक कण पुढें देतें. एक दिला, एक उरला, ही अर्धवट स्थितीही त्यास धारण करतां येते. जोडी हातीं असतांना त्याचा पिवळा रंग जवळजवळ मावळतो. दोन्ही कण दिले कीं तो परततो.

मात्र हा सराफ एकटा सोडून चालत नाहीं. कोणाकडून घ्यावें व कोणास द्यावें, हें भोवतालचें प्रथिन ठरवितें. त्या पहाऱ्यांतूनही एखादा विद्युत्कण भलतीकडे निसटून प्राणवायूस चिकटला, तर पेशीस अपायकारक असा सुपरऑक्साइड निर्माण होतो.

असा हा सराफ देहास स्वतः घडवितां येत नाहीं. तो अन्नांतूनच आणावा लागतो. प्रौढ माणसास दिवसाला साधारण एक ते दीड मिलिग्रॅम पुरतें. दूध, अंडीं, हिरव्या पालेभाज्या ह्यांतून तें मिळतें. परंतु उजेडानें त्याचा नाश होतो, म्हणून दूध उन्हांत ठेवूं नये. आणि दह्याचें तें पिवळसर पाणी मोरीपेक्षां कणकेंतच जावें, हें बरें.