हप्ता थकला तर नेमकं काय होतं?

आजचा विषय हेडफोन लावून ऐका, कारण तो आपल्या खिशातल्या फोनचाच आहे.

आपल्या वाडीत अमरावती रोडवरची गोदामं, ट्रान्सपोर्टची ऑफिसं, पलीकडे हिंगण्याची एमआयडीसी. कामं भरपूर, पण बरीचशी ठेक्याची. पगार दहा तारखेला आणि खिसा वीसलाच रिकामा. मग फोनवर जाहिरात येते, 'पाच मिनिटांत कर्ज'. घेणं सोपं आहे राजेहो. फेडलं नाही तर काय होतं, ते मी आज सांगतो.

आधी हिशोब. समजा कर्ज 5000 रुपयांचं. 'प्रोसेसिंग फी' कापून हातात आले 3200. सात दिवसांनी भरायचे पूर्ण 5000. म्हणजे 3200 वर आठवड्याला 1800! नाही जमलं, तर 1800 भरून आणखी सात दिवस मिळतात. असं चार वेळा केलं की 7200 गेले आणि 5000 तसेच उभे. मग ते फेडायला दुसरं ॲप, दुसऱ्यासाठी तिसरं. खड्डा असाच खोल होत जातो.

आता मुद्दा असा, की कर्ज कोणाचं आहे त्यावर पुढचं ठरतं.

कर्ज बँकेचं किंवा नोंदणीकृत एनबीएफसीचं असेल, तर थकबाकी सिबिलसारख्या संस्थांकडे कळवली जाते. स्कोअर 300 ते 900 मध्ये असतो, तो घसरतो. उद्या गाडीचं, घराचं कर्ज मागायला गेलात की तिथं अडतं. वर दंड लागतो, नोटीस येते, दिवाणी दावा होऊ शकतो. नुसता हप्ता थकला म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत. पण खात्यात पैसे नसल्यानं ऑटो-डेबिट परत गेलं, तर 2007 च्या पेमेंट कायद्याच्या कलम 25 खाली तक्रार होऊ शकते. त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आधी लेखी नोटीस येते, भरायला 15 दिवस मिळतात. म्हणून खरी नोटीस आली तर ती फेकू नका. 'दोन तासांत अटक' असा व्हॉट्सॲप मेसेज आला, तर ती मात्र निव्वळ धमकी समजा.

बोगस ॲपवाले कोर्टात जात नाहीत. ते तुमच्या कॉन्टॅक्टमधल्या मामाला, मालकाला फोन करतात, फोटो बिघडवून पाठवतात. या छळापायी देशात लोकांनी जीव दिले आहेत. पाच हजारांसाठी!

नियम तुमच्या बाजूनं आहेत. रिझर्व्ह बँकेनं 2022 मध्ये डिजिटल कर्जाचे नियम आणले. पैसे कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात आले पाहिजेत आणि परतही तसेच गेले पाहिजेत. कोणाच्या तरी खासगी यूपीआयवर भरा म्हटलं, की सावध व्हा. ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट आणि फोटो चाळता येत नाहीत. वसुलीचा फोन सकाळी 8 च्या आधी नाही, संध्याकाळी 7 च्या नंतर नाही. 1 जुलै 2025 पासून रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर कर्जाच्या ॲपची यादी आहे. घेण्याआधी त्यात नाव शोधा.

आणि आत्ताच अडकला असाल तर? एक, नवीन ॲपचं कर्ज बंद. दोन, स्क्रीनशॉट, कॉल, पावत्या जपून ठेवा. तीन, नोंदणीकृत संस्था असेल तर तिला लेखी कळवा, हप्ते वाढवून मागा. तिनं ऐकलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. चार, बोगस ॲप असेल तर 'सचेत' पोर्टलवर तक्रार करा, धमकी किंवा फसवणूक असेल तर 1930 वर फोन करा.

आणि सगळ्यात आधी घरात एकाला तरी सांगा. त्यांचं सगळं बळ तुमच्या लाजेवर चालतं. घरच्यांना तुमच्याकडून आधीच कळलं, तर त्या फोनला मग दात उरत नाहीत. जीव फारच घाबरा झाला तर टेलि-मानसचा 14416 हा नंबर रात्रीही चालू असतो.

हा भाग त्या मित्राला पाठवा, जो हल्ली फोन वाजला की दचकतो. भेटू पुढच्या भागात.