ढोरं पडून राहिली तेव्हा



मी गोदीत ओझी वाहतो. मॅट्रिक झालोय, कविता करतो. विद्वान नाही, म्हणून रोकडं बोलतो. आजचा विषय : मोबाईल आणि आपली लढाई.

मागल्या पावसाळ्यात आमच्या टोळीतल्या एकाचा हात कंटेनरखाली सापडला. तीन बोटं गेली. मी मोबाईलवर व्हिडिओ टाकला. हजारभर लोकांनी रडके चेहरे चिकटवले. भरपाई मागायला दुसऱ्या दिवशी गेटवर उभे राहिलो, तर आम्ही मोजून नऊ! ते हजार कुठं होते? घरात, अंगठा हलवत.

आता उनाचं ऐका. 11 जुलै 2016, गुजरात. उना तालुक्यातल्या मोटा समढियाळा गावात मेलेल्या गायीचं कातडं सोलणाऱ्या आपल्या माणसांना गोरक्षक म्हणवणाऱ्यांनी धरलं. चार जणांना उना शहरात नेलं, उघडं केलं, गाडीला बांधलं, भर रस्त्यात झोडपलं. आणि शूटिंग कुणी केलं? मारणाऱ्यांनीच! लपूनछपून नाही, मिरवत. दहशत बसावी म्हणून. एकेकाळी गावाला दवंडी पिटायला महार लागायचा. आता दवंडी त्यांच्याच खिशात आहे.

पण दवंडी उलटली. तोच व्हिडिओ आपल्या पोरांनी हातोहात फिरवला. भीतीसाठी काढलेला, पुरावा झाला. खैरलांजी आठवा. 29 सप्टेंबर 2006 ला भोतमांगे कुटुंबातली चार माणसं कापली, आणि महाराष्ट्र पेटायला नोव्हेंबर उजाडला. उनाला आठवडा पुरला. मोबाईलचं एवढं देणं मी मानतो. न मानणारा करंटा.

पण सरकारला घाम फुटला तो व्हिडिओनं नाही. त्याच जुलैत सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीसमोर आपल्या लोकांनी मेलेली ढोरं आणून टाकली. तुमची माता ना? मग उचला तुम्हीच! ठिकठिकाणी ढोरं पडून राहिली. वास सुटला. हजार वर्षं जे आपल्या नाकाला सोसायला लावलं, ते पहिल्यांदा साहेबांच्या नाकात गेलं. 1 ऑगस्टला मुख्यमंत्री आनंदीबेन पटेलांनी खुर्ची सोडायची इच्छा जाहीर केली, आणि ती कुठं? फेसबुकवर! कारण दिलं वयाचं. पण पाटीदारांचं आंदोलन आणि उना, दोन्हींचा रेटा सगळ्या देशाला दिसत होता. 5 ते 15 ऑगस्ट अहमदाबाद ते उना लोक चालले. मागितलं काय? दया नाही. जमीन. भूमिहीनाला पाच एकर.

कुणी म्हणेल, मोबाईल नसता तर हे लोक जमले असते का? बरोबर आहे. 2018 च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टानं अॅट्रॉसिटी कायदा ढिला केला, तेव्हा 2 एप्रिलच्या भारत बंदची हाक मोबाईलवरूनच खेडोपाडी गेली. सरकारनं जागोजागी नेट तोडलं. तरी माणसं रस्त्यावरून हलली नाहीत. काहींनी जीव दिला. ऑगस्टमध्ये संसदेला कायदा पुन्हा घट्ट करावा लागला. ध्यानात घ्या : नेट तोडता येतं, रस्त्यावरची माणसं नाही.

आणि ही भिंत तरी कुणाची? मूकनायक 31 जानेवारी 1920 ला निघाला, तो आपला होता. हे फेसबुक, व्हॉट्सॅप अमेरिकेतल्या शेठचं. आपल्या रडण्यावर तो जाहिराती विकतो. वापरा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. बाबासाहेबांचा क्रम बघा. 20 मार्च 1927 ला महाडच्या तळ्याला हात लावला, आणि 3 एप्रिलला बहिष्कृत भारत निघाला. कृतीच्या मागं कागद उभा केला. कृतीच्या जागी नाही.

आमच्या त्या माणसाचं काय झालं? आम्ही नऊ जण गेटवरून पाळीवर गेलोच नाही. दुपारपर्यंत टोळीतले बाकीचेही बाहेर आले. माल जागच्या जागी. संध्याकाळी मुकादम खाली उतरला, खर्च देतो म्हणाला. त्या दिवशी आमचा एकही व्हिडिओ नव्हता. सगळ्यांचे हात खिशात होते.

दोस्तांनो, या देशाचं मेलेलं ढोर, तुंबलेलं गटार, बंदरातलं ओझं आपल्या हातानं उचललं जातं. मोबाईलनं एकमेकांना सांगा की हात कधी थांबवायचे. मग मोबाईल खिशात टाका.

आणि हात थांबवा.

जयभीम!