दुसऱ्यांच्या कब्रस्तानात दोन आठवडे



उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशात स्वयंसेवक म्हणून जाण्याबद्दल मी बोलावं, असं संयोजकांनी सुचवलं. तुमच्यात इंजिनिअरिंगचे विद्यार्थी बरेच आहेत, म्हणून सुरुवात एका इंजिनिअरपासून करतो. पियेर सेरेसोल हे स्वित्झर्लंडचे. पहिल्या महायुद्धानंतर, 1920 मध्ये, फ्रान्समधल्या व्हर्दूनजवळचं एक उद्ध्वस्त गाव उभं करायला त्यांनी काही माणसं जमवली. त्यांत जर्मनही होते, म्हणजे कालचे शत्रू. त्यातून 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संघटना वाढली. 1934 च्या भूकंपानंतर हेच सेरेसोल बिहारमध्ये येऊन घरं बांधायला राबले.

अशी श्रमशिबिरं आजही भरतात. दोन-तीन आठवडे, निरनिराळ्या देशांतले दहा-पंधरा तरुण. राहणं-जेवण शिबिराचं, प्रवासखर्च बहुधा आपला. मी शिकवण्या घेऊन पैसे साठवले होते, उरलेले मामूंनी दिले.

तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि जूनमध्ये मी जर्मनीतल्या एका खेड्यात पोहोचलो. काम होतं जुन्या यहुदी कब्रस्तानाच्या साफसफाईचं. गावात आता एकही यहुदी कुटुंब नव्हतं. नाझी राजवटीत काही जण देश सोडून गेले, बाकीच्यांना पकडून नेलं.

दिवस असा जायचा. सकाळी आठला नाश्ता, नऊ ते दोन काम. वेली ओढून काढायच्या, गवत कापायचं, दगडावरचं शेवाळ मऊ ब्रशने आणि नुसत्या पाण्याने काढायचं. तारेचा ब्रश चालत नाही, अक्षरं झिजतात. शनिवारी तिथे जायचं नाही, कारण तो यहुद्यांचा शब्बाथ. पुरुषांनी आत डोकं झाकायचं असतं. इतरांना टोप्या वाटल्या, माझी माझ्या बॅगेत होतीच.

स्वयंपाक, भांडी, संडास-बाथरूमची सफाई, सगळ्याची पाळी लावलेली. घरी आम्हा मुलांच्या हातात कुणी झाडू देत नाही, तिथे अम्मीची रोज आठवण यायची. मी पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकलं की डुक्कर आणि दारू चालणार नाही, मांस हलाल नसेल तर भाजी खाईन. कुणी भुवया उंचावल्या नाहीत. दोघांनी सांगितलं, आम्हीही मांस खात नाही. माझ्या पाळीला खिचडी झाली, ती पुन्हा दोनदा मागितली गेली. जूनमध्ये तिकडे मगरिब साडेनऊच्या सुमारास होते आणि फजर रात्र संपायच्या आतच येते, त्यामुळे झोपेची ओढाताण व्हायची. जुम्याला जवळच्या शहरातल्या तुर्की मशिदीत जायचो. 1961 च्या करारानंतर कामगार म्हणून आलेल्यांची नातवंडं तिथे माझ्याशी जर्मन बोलू पाहायची.

कब्रस्तानात मला परकं वाटलं नाही. तेही दफनच करतात. दगडावरचं लिखाण उजवीकडून डावीकडे. बहुतेक दगडांवर वरच्या बाजूला दोन अक्षरं, पे आणि नून, म्हणजे 'येथे दफन आहे'. नून तर आपण मकतबमध्ये शिकलेलो असतो.

परत आल्यावर दोस्तांनी विचारलं, "तिकडे पॅलेस्टाईनमध्ये काय चाललंय आणि तू यहुद्यांच्या कबरी साफ करतोस?" प्रश्न खोटा नाही, टाळण्यासारखाही नाही. पॅलेस्टिनींवरच्या अन्यायाविरुद्ध मी तेव्हाही बोलत होतो, आजही बोलतो. पण ज्या म्हातारीच्या दगडावरचं शेवाळ मी काढलं, ती 1880 च्या दशकात गेली. तिने कुणाची जमीन घेतली नव्हती. तिच्या नातवंडांना मात्र शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत नेलं गेलं. एखाद्या गावातला अल्पसंख्याक समाज संपतो तेव्हा त्याच्या कबरींवरचं गवत कोण काढणार? हा प्रश्न भारतातल्या मुस्लिमाला कळायला पुस्तक लागत नाही. आपल्यावर अन्याय झाला तर इतरांनी उभं राहावं, असं आपल्याला वाटतं ना? मग आपणही आपल्या माणसांपुरतं थांबून चालणार नाही.

याला मी उपकार म्हणत नाही. तिथून मी देण्यापेक्षा घेऊनच जास्त आलो. आपली गरज सरळ शब्दांत सांगायची आणि समोरच्याचीही तितकीच ऐकायची. एकत्र राहणं म्हणजे बहुतेक वेळा एवढंच असतं.

ज्यांना जमेल त्यांनी जरूर जा. व्हिसाला वेळ लागतो, तयारी जानेवारीतच सुरू करा. मुलींनीही जावं. घरच्यांना शिबिराची माहिती, पत्ता, राहण्याची सोय आधी दाखवा, मग बोलणं सोपं जातं.

तिकिटाचे पैसे नसतील तर अलिबागची एस.टी. पकडा. जवळच नवगावला बेने इस्राएलांचं जुनं कब्रस्तान आहे. कोकणात शतकानुशतके राहिलेली, मराठी बोलणारी ही माणसं. शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. त्यांच्यातले बहुतेक इस्राएलला गेले. आधी त्यांच्या लोकांना विचारा, काही मदत हवी आहे का. हवी असेल तर एक रविवार द्या. फक्त शनिवारी जाऊ नका.

आता तुमचे प्रश्न घेऊ.