लेऊ : रुमानियाच्या नाण्याची कथा



अठराव्या शतकाच्या अखेरीस बुखारेस्टच्या बाजारपेठेत एखादा व्यापारी कापडाची किंवा मेणाची किंमत सांगू लागला, म्हणजे ती 'लेऊ' या परिमाणात सांगत असे. सरकारी दप्तरात सारा त्याच परिमाणात लिहिला जाई, विवाहाचे देणेघेणे आणि जमिनीची खरेदीखतेही त्यातच नोंदली जात. पण गिऱ्हाइकाने कनवटीचा बटवा सोडला की त्यातून कधी तुर्की पारा निघे, कधी व्हेनिसची किंवा हॉलंडची मोहर, कधी ऑस्ट्रियाचे रुपेरी नाणे, तर कधी रशियाचा रूबल. लेऊ मात्र त्यातून कधीच बाहेर पडत नसे, कारण त्या नावाचे नाणे पेठेतून केव्हाच नाहीसे झाले होते आणि देशाच्या टाकसाळीने तर ते कधी पाडलेलेच नव्हते. एका लेऊचे चाळीस पारे होतात एवढेच प्रत्येकाला ठाऊक होते, आणि या कल्पित मापावर सगळा व्यवहार बिनबोभाट चालत होता. हिशेबात प्रत्यही वावरणाऱ्या या परिमाणाची नाणी प्रत्यक्षात येण्यास १८६७ साल उजाडावे लागले. नाण्याचा शिक्का हा व्यापाराच्या सोयीइतकाच स्वामित्वाचाही प्रश्न असतो, हे त्या देशाला फार मोठी किंमत देऊन समजले होते. आणि आजच्या भाषणात मला मुख्यतः त्याविषयीच बोलावयाचे आहे.

तसे पाहिले तर या भूमीला नाण्याची ओळख फार जुनी. डॅन्यूब नदी जेथे काळ्या समुद्रास मिळते त्याच्या थोडे दक्षिणेस हिस्ट्रिया नावाची वसाहत मायलीटसच्या ग्रीकांनी इसवी सनापूर्वी सातव्या शतकात स्थापन केली, आणि पुढे या नगरीने जी रौप्यमुद्रा पाडली ती प्राचीन नाणकशास्त्रातील एक मोठी लक्षवेधक मुद्रा मानली जाते. तिच्या एका बाजूस दोन मानवी मुखे शेजारीशेजारी कोरलेली असून त्यांपैकी एक सरळ तर दुसरे उलटे आहे. दुसऱ्या बाजूस एक समुद्रगरुड डॉल्फिन माशाला नखांत पकडून बसला आहे. ती मुखे उगवत्या व मावळत्या सूर्याची, की जुळ्या देवबंधूंची, की डॅन्यूबच्या दोन प्रवाहांची, याविषयी पंडितांत अद्याप एकवाक्यता नाही, आणि ती न झाल्याने त्या मुद्रेचे सौंदर्य उणावत नाही.

किनाऱ्यापासून दूर, कार्पेथियन पर्वताच्या परिसरात राहणाऱ्या डेशियन लोकांनी मात्र स्वतःची कल्पना न लढवता मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपच्या रौप्यमुद्रेचे अनुकरण केले. पिढ्यान्‌पिढ्या एकाच्या साच्यावरून दुसरा साचा तयार होता होता मूळचा दाढीधारी झ्यूस आणि अश्वारूढ पुरुष यांचे रूपांतर रेषा व गोलकांच्या एका विलक्षण आकृतीत झाले. याला कोणी अवनती म्हणतील, मला तर त्यात एका वेगळ्या कलादृष्टीचा उदय दिसतो. त्यानंतर रोमन दिनारांचीही अशीच अनुकरणे निघाली. या काळातील सर्वांत गूढ नाणे म्हणजे 'कोसोन' हे नाव ग्रीक अक्षरांत धारण करणारी सुवर्णमुद्रा. हिच्यावर चालत जाणाऱ्या तीन पुरुषांची जी आकृती आहे ती ज्युलियस सीझरचा मारेकरी ब्रूटस याने काढलेल्या रोमन दिनारावरून घेतलेली आहे. परंतु कोसोन हा कोण, कुठला राजा, याची इतिहासाने पुरती नोंद ठेवलेली नाही. सोळाव्या शतकात ट्रान्सिल्व्हानियात या मुद्रांचा प्रचंड साठा सापडला, आणि अगदी अलीकडे, विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, डेशियनांची राजधानी सार्मिझेगेतुसा येथे चोरट्यांनी बेकायदा उत्खनन करून पुन्हा असे साठे लुटले. इ. स. १०६ मध्ये सम्राट ट्रेजनने डेशिया जिंकली, विजयाची नाणी रोमच्या टाकसाळीत पाडली, आणि पुढील दीडएक शतक त्या प्रदेशात रोमन नाण्यांचा अंमल चालला.

मध्यंतरीची हजार वर्षे मी ओलांडून जातो. चौदाव्या शतकात कार्पेथियनच्या दक्षिणेस वालाकिया आणि पूर्वेस मोल्डाव्हिया ही दोन रुमानियन राज्ये उदयास आली, आणि वालाकियाच्या व्लादिस्लाव व्लाइकू या राजाने सुमारे १३६५ साली आपल्या देशाचे पहिले रौप्यनाणे पाडले. त्यावर कधी लॅटिन तर कधी स्लाव्ह लिपीतील लेख आहे, म्हणजे पश्चिमेकडील हंगेरी आणि दक्षिणेकडील बल्गेरिया-सर्बिया या दोन जगांच्या सीमेवर उभा असलेला हा राजा दोघांशीही आपला व्यवहार राखू पाहत होता. थोड्याच वर्षांत मोल्डाव्हियाच्या पेत्रू मुशात याने आपल्या नाण्यावर रानबैलाचे मस्तक आणि त्याच्या शिंगांमध्ये एक तारा कोरला. तेच त्या राज्याचे चिन्ह होऊन बसले. या पेत्रूची सांपत्तिक प्रतिष्ठा इतकी होती की १३८८ साली पोलंडचा राजा यागेवो याने त्याच्याकडे कर्ज मागितले, आणि त्याने तीन हजार रौप्य रूबल त्याला दिले. लहानशा राज्याने बलाढ्य शेजाऱ्याला कर्ज द्यावे आणि त्यासाठी त्या शेजाऱ्याच्या मुलखाचा काही भाग गहाण राहावा, ही गोष्ट त्या काळच्या मोल्डाव्हियाचे स्थान पुरते स्पष्ट करते.

हे दिवस टिकले नाहीत. पुढील शतकात उस्मानी तुर्कांची सत्ता डॅन्यूबपर्यंत येऊन ठेपली, दोन्ही राज्ये सुलतानाची मांडलिक झाली, खंडणी वर्षागणिक वाढत गेली, आणि स्वतःची नाणी पाडण्याचा हक्क हळूहळू लयाला गेला. येथे तुर्की राज्यनीतीचे एक तत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. ज्याच्या नावाने शुक्रवारी मशिदीत खुत्बा पढला जातो आणि ज्याच्या नावाचा शिक्का नाण्यावर उमटतो तोच खरा राजा, असा त्यांचा सिद्धांत होता. म्हणून मांडलिकाने नाणे पाडणे हे त्यांच्या दृष्टीने केवळ व्यापाराचे कृत्य नसून साक्षात बंडाचे निशाण होते. सतराव्या शतकात मोल्डाव्हियाच्या दाबिजा या राजाने सुचाव्हाच्या गढीत रिगा शहराच्या व पोलंडच्या हलक्या नाण्यांच्या नकला चोरून पाडल्या. स्वतःचे नाणे उघडपणे पाडता येत नाही म्हणून परक्याच्या नावाने खोटे नाणे पाडावे, ही अवस्था त्या देशाच्या इतिहासात मला सर्वांत खिन्न करणारी वाटते.

याच सिद्धांताला बळी पडलेल्या एका राजाचा वृत्तांत सांगितल्यावाचून पुढे जाणे मला शक्य नाही. कॉन्स्टंटिन ब्रिंकोव्यानू हा १६८८ पासून वालाकियाचा राजा होता. मठ, मुद्रणालये आणि राजवाडे उभारणारा, विद्येचा आश्रयदाता, आणि इतका संपन्न की तुर्क त्याला 'सोन्याचा राजा' म्हणत. १७१३ साली त्याच्या राज्यकारभारास पंचवीस वर्षे पूर्ण झाली, तेव्हा त्याने आपली मुखमुद्रा कोरलेली सुवर्णपदके ट्रान्सिल्व्हानियात पाडवून घेतली. पेठेत खर्च करण्याची ही नाणी नव्हती. पण इस्तंबूलच्या दरबारात त्याचे शत्रू टपलेले होते, आणि त्यांनी सुलतानासमोर ठेवलेल्या आरोपांत या पदकांचाही समावेश होता. पुढल्या वसंतात त्याला पदच्युत करून कुटुंबासह इस्तंबूलला नेण्यात आले, सप्तदुर्गाच्या तुरुंगात डांबण्यात आले, आणि १५ ऑगस्ट १७१४ रोजी त्याच्या चारही पुत्रांचा आणि मंत्र्याचा त्याच्यासह शिरच्छेद झाला. रशियाशी आणि ऑस्ट्रियाशी असलेले त्याचे गुप्त संबंध हे या अंताचे मोठे कारण होते, यात संशय नाही. तथापि मांडलिकाची मुखमुद्रा सोन्यावर उमटणे ही गोष्ट त्या आरोपपत्रात जाऊन बसावी, यावरून त्या शिक्क्याचा अर्थ दोन्ही पक्षांना किती नेमका कळत होता ते दिसून येते.

ब्रिंकोव्यानूनंतर लवकरच दोन्ही सिंहासनांवर इस्तंबूलच्या फनार महल्ल्यातील ग्रीक घराण्यांतील पुरुषांची नेमणूक सुलतान करू लागला, आणि हा क्रम १८२१ पर्यंत चालला. याच कालखंडात लेऊचे हिशेबी अस्तित्व पक्के झाले. सोळाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशापासून हॉलंडच्या प्रांतांनी पूर्वेकडील व्यापारासाठी सिंहाची मूर्ती असलेले एक मोठे रौप्यनाणे पाडले होते. ते तुर्की बंदरांतून साऱ्या बाल्कन प्रदेशात पसरले, आणि रुमानियन लोक आपल्या भाषेतील सिंहाच्या नावाने त्याला लेऊ म्हणू लागले. अठराव्या शतकात ते नाणे ओसरून गेले; परंतु लोकांच्या हिशेबाने ते सोडले नाही, आणि तुर्की कुरूशाच्या बरोबरीने चाळीस पाऱ्यांचा लेऊ कायम राहिला. त्या काळी बुखारेस्टमध्ये आणि मोल्डाव्हियातील यासीमध्ये सराफांचा धंदा भरभराटीस आला, कारण डझनावारी जातींची नाणी, प्रत्येकाचा वेगळा भाव, प्रत्येकावर वेगळा बट्टा, आणि भाव दर हंगामाला बदलणारा, अशा परिस्थितीत शेतकऱ्याची प्रत्येक विक्री आणि कर भरण्याचा प्रत्येक हप्ता सराफाच्या तराजूवरूनच जात असे. परकीय नाण्यांवर जगणाऱ्या देशाची ही झीज कोणत्याही खंडणीच्या आकड्यात दिसत नाही, तरी ती खंडणीहून कमी नव्हती.

रशिया-तुर्क युद्धात दोन्ही राज्ये रशियाच्या ताब्यात असताना, १७७१ ते १७७४ या वर्षांत, सादागुरा येथे रशियनांनी सैन्याच्या खर्चासाठी एक टाकसाळ चालविली आणि तुर्कांकडून जिंकलेल्या तोफांचे काशे वितळवून नाणी पाडली. त्या नाण्यांवर वालाकियाचा पक्षी आणि मोल्डाव्हियाचा बैल ही दोन्ही चिन्हे एकाच मुकुटाखाली शेजारीशेजारी कोरलेली आहेत. परकीय सेनापतीच्या सोयीसाठी निघालेल्या या ओबडधोबड नाण्यावर दोन्ही देश एकत्र आले ते प्रत्यक्षात एकत्र येण्याच्या जवळजवळ नव्वद वर्षे आधी.

१८५९ साली दोन्ही राज्यांनी आलेक्झांद्रू योन कूझा या एकाच पुरुषाची राजा म्हणून निवड केली. स्वतःचे नाणे काढण्याचा त्याचा प्रयत्न सफल झाला नाही, आणि १८६६ मध्ये त्याच्या जागी होहेनझोलर्न घराण्यातील कारोल आला. सुलतानाने नव्या राजास मान्यता देताना नाणे पाडण्याची मुभा दिली, पण त्यावर आपल्या सत्तेची खूण असावी अशी अट घातली. १८६७ च्या वसंतात बुखारेस्टच्या विधिमंडळाने कायदा केला : राष्ट्रीय परिमाण लेऊ, त्याचे शंभर बानी, चांदीचा लेऊ फ्रँकप्रमाणे पाच ग्रॅमचा, सोने व चांदी दोन्ही आधारभूत. त्या वर्षी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या टाकसाळींतून एक, दोन, पाच आणि दहा बानींची तांब्याची नाणी पाडून आणली गेली. त्यांवर राजाचे मुख नाही, पण सुलतानाचा तुघ्रा, म्हणजे त्याची नाममुद्रा, हीही नाही. फक्त देशाचे राजचिन्ह आणि 'रोमानिया' हे नाव. कायद्याच्या शब्दांत न मावणारी गोष्ट या तांब्याच्या तुकड्यांनी मोठ्या संयमाने साधली, असे मी मानतो.

सोन्यात हे इतके सहज साधणारे नव्हते. १८६८ साली कारोलचे मुख असलेल्या वीस लेईंच्या (लेई हे लेऊचे अनेकवचन) मोजक्या सुवर्णमुद्रा निघाल्या, आणि १८७० साली बुखारेस्टमध्ये राज्याची स्वतःची टाकसाळ सुरू झाली तेव्हा पाच हजार सुवर्णमुद्रा आणि चार लाख रौप्य लेऊ तेथे पाडण्यात आले. त्यांवरील लेखात कारोलचा उल्लेख 'रुमानियनांचा दोम्न', म्हणजे अधिपती, असा होता. सुलतानाच्या दरबारास खटकले ते तुघ्राचे नसणे. व्हिएन्नाच्या दरबारास खटकले ते बिरुद, कारण ट्रान्सिल्व्हानियात आणि बुकोव्हिनात लक्षावधी रुमानियन त्यांचे प्रजाजन होते, आणि या मुद्रेने त्यांच्यावर एक मूक हक्क सांगितला होता. दोन साम्राज्ये एका लेऊच्या नाण्यावरून निषेध नोंदवतात, आणि तरुण राज्याला माघार घ्यावी लागते! १८७२ ते १८७६ पर्यंतच्या रौप्यनाण्यांवर पुन्हा राजाचे मुख नाही, केवळ राजचिन्ह आहे.

ही माघार तलवारीने भरून निघाली. १८७७ साली रुमानियाने स्वातंत्र्य घोषित केले, प्लेव्हनाच्या वेढ्यात त्याचे सैन्य तुर्कांविरुद्ध रशियाच्या बरोबरीने लढले, आणि १८७८ च्या बर्लिन परिषदेत ते स्वातंत्र्य युरोपने मान्य केले. १८८० च्या पाच लेईंच्या भव्य रौप्यनाण्यावर कारोल 'रुमानियाचा दोम्न' म्हणून झळकला, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय बँक स्थापन झाली. १८८१ च्या मार्चमध्ये देश राजसत्ताक झाला आणि कारोल 'रेजे', म्हणजे राजा, झाला. त्यामुळे त्या एकाच वर्षाच्या पाच लेईंच्या नाण्यांत काहींवर जुने 'दोम्न' हे पद आहे, तर काहींवर 'रेजे' हे नवे. राज्याभिषेकाचा मुकुट प्लेव्हना येथे हस्तगत केलेल्या तुर्की तोफेच्या पोलादाचा होता. १९०६ मध्ये कारोलच्या कारकिर्दीस चाळीस वर्षे झाली, तेव्हा निघालेल्या नाण्यांपैकी काहींच्या एका बाजूस १८६६ चा तरुण, तर दुसऱ्या बाजूस पांढऱ्या दाढीचा वृद्ध कारोल आहे. राज्यकर्त्याच्या मुखमुद्रेवरून घडलेले सगळे वादविवाद स्मरणात असणाऱ्यास या द्विमुखी नाण्याचे मोल विशेष वाटेल.

त्यानंतरचा लेऊ अनेक आघातांतून गेला. पहिल्या महायुद्धाने सोन्याचा आधार मोडला आणि १९२९ मध्ये लेऊचे सोन्यातील मोल मूळच्या सुमारे बत्तिसाव्या हिश्श्यावर बांधावे लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर महागाई अशी भडकली की १९४६ साली एक लाख लेई किमतीचे चांदीचे नाणे पाडण्यात आले, आणि १५ ऑगस्ट १९४७ रोजी वीस हजार जुन्या लेईंबद्दल एक नवा देण्यात आला. १९५२ मध्ये पुन्हा बदल झाला आणि ज्यांच्याजवळ अधिक पैसा होता त्यांना कमी भाव मिळाला. शेवटचा मोठा फेरबदल १ जुलै २००५ रोजी होऊन चार शून्ये गेली. आजही देशाचे चलन लेऊच आहे, त्याचे शंभर बानी होतात, आणि त्यांतील सर्वांत लहान नाणे एक बानीचे आहे.