गोडीचें माप

सॅकरीन साखरेहून ३०० ते ५०० पट गोड, अस्पार्टेम सुमारें २०० पट आणि सुक्रालोज सुमारें ६०० पट, असें पुस्तकांतून सांगितलेलें असतें. वजनाला तराजू आहे, उष्णतेला तापमापक आहे. मग गोडी मोजण्याचें यंत्र कोणतें? तें यंत्र म्हणजे मनुष्याची जीभ.

या पदार्थांचे शोधही जिभेनेंच लाविले. १८७९ सालीं बाल्टिमोर येथें इरा रेमसेन यांच्या प्रयोगशाळेंतील फालबर्ग यांना जेवतांना आपल्या हातांची गोडी कळली आणि सॅकरीन सांपडलें. १९७६ सालीं लंडनमध्यें शशिकांत फडणीस यांना एक पदार्थ तपासावयास सांगण्यांत आलें. ‘तपासा’ व ‘चाखा’ यांचे इंग्रजी शब्द कानाला जवळजवळ सारखेच. फडणिसांनीं तो चाखला आणि सुक्रालोज हातीं आलें!

परंतु गोडी कळणें निराळें आणि ती मोजणें निराळें. त्यासाठीं चाखण्यांत तरबेज अशीं माणसें एकत्र बसवितात. एका पेल्यांत ठराविक साखरपाणी, इतरांत नव्या पदार्थाचीं कमीअधिक तीव्रतेचीं पाणीं. पेल्यांवर नांव नाहीं, केवळ अंक. दर घोटानंतर चूळ भरावयाची आणि साखरपाण्याहून अधिक गोड कीं कमी, एवढेंच सांगावयाचें. जेथें निम्मे लोक ‘अधिक’ व निम्मे ‘कमी’ म्हणतात, तेथें दोहोंची गोडी समान धरतात. समजा, ५ ग्रॅम साखरेची बरोबरी १२.५ मिलिग्रॅम सॅकरीननें झाली, तर गुणोत्तर ४०० आलें.

हें गुणोत्तर मात्र स्थिर नसतें. साखरपाणी अधिक दाट घेतलें, कीं त्याच्या बरोबरीला सॅकरीन प्रमाणाहून जास्त लागतें. पट घटते आणि कडवट चवही डोकावूं लागते. साखरेची गोडी झटकन् येते व जाते. सुक्रालोजची जिभेवर रेंगाळते. हा भेद एका आंकड्यांत मावत नाहीं. शिवाय ‘६०० पट’ ही तुलना वजनाची आहे. सहाशेंपट गोडी कोणत्याही जिभेला जाणवत नाहीं.

ज्या घरीं मधुमेही वडील माणूस आहे, तेथें हा भेद जाणणें अगत्याचें आहे. बाजारांतील भुकटींत गोड द्रव्य अत्यल्प असून बाकी बहुधा डेक्स्ट्रोजसारखी भर असते. म्हणून पुस्तकांतल्या पटीनें हिशेब न करतां, एका चमचा साखरेऐवजीं किती घ्यावें हें वेष्टनावर पाहावें. अस्पार्टेम चहा उकळतांना घातलें तर त्याची गोडी कमी होते. तें शेवटीं कपांत घालावें. आणि लाडवाला लागणारा पाक यांपैकीं कोणाच्यानेंही होत नाहीं, कारण तेथें साखर गोडीखेरीज तारही देते.

आंकडा जिभेनें दिलेला आहे. त्याचा अखेरचा पडताळाही कपाशीं बसलेल्या जिभेनेंच घ्यावयाचा असतो.