परभाषेचा उंबरठा
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



प्रवासाविषयी बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. बीजिंगमधील राजवाड्यांची वर्णने आपण पुष्कळ वाचली असतील. मी सांगणार आहे ते तेथील एका घराविषयी. आपल्याच ज्ञातीतील माझा बालमित्र नोकरीनिमित्त तेथे गेला, तेथील मुलीशी त्याने विवाह केला, आणि आपल्यापैकी अनेकांनी त्याची विचारपूस सोडली. त्या अनेकांत मीही होतो. बारा वर्षांनी त्याचे निमंत्रण आले, तेव्हा निदान त्याच्या सासूबाईंशी चार शब्द बोलता यावेत म्हणून मी तीन महिने मंदारिन भाषेचे प्राथमिक धडे गिरवले.

या भाषेत सुराला फार महत्त्व आहे. ‘मा’ हा एकच उच्चार उंच सपाट सुरात आई, चढत्या सुरात ताग, खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात घोडा आणि उतरत्या सुरात शिवी देणे असा अर्थ धारण करतो. वाक्याच्या शेवटी तोच हलकेच उच्चारला की प्रश्न होतो. ‘माय’ या शब्दाचा सूर चुकला आणि सफरचंदे घ्यावयास गेलेला मी ती विकावयास आलो आहे, असे फळवाल्यास सांगून बसलो! तथापि मराठी माणसास काही सोयीही आहेत. क आणि ख यांतील भेद तेथेही अर्थ बदलतो. ‘चमचा’तील आणि ‘चहा’तील असे दोन ‘च’ आपल्या जिभेवर आधीच असतात. चहा हा शब्द तर मूळचा त्यांचाच. क्रियापदास लिंग-वचनाचा उपद्रव मुळीच नाही.

या वाटेने आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस पूर्वीच गेले होते. १९३८ साली वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले, तेथील भाषा शिकले, तेथेच विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, रुग्णसेवा करीत असतानाच निवर्तले. त्यांचा आपण अभिमान बाळगतो. माझ्या मित्राला मात्र आपण परका ठरविले.

वडीलधाऱ्या स्त्रीस तेथे ‘आयी’ म्हणतात, अर्थ मावशी. दारात पाऊल टाकताच मी ती हाक मारली. माऊलींनी माझा हात धरून विचारले, ‘जेवलास का?’ तो प्रश्न मला दुभाष्याविना समजला. पुढे मात्र मित्राने भाषांतर केले, आणि ते करताना त्याचा कंठ दाटून आला. त्या विचारीत होत्या, ‘तुझी माणसे इतकी वर्षे का आली नाहीत?’

सुहृदहो, याचे उत्तर मजजवळ कोणत्याच भाषेत नव्हते. आपल्या मंडळाच्या कुटुंबसूचीतून त्याचे नाव गळले आहे. पुढील आवृत्तीत ते पत्नी व मुलांसह पुन्हा छापावे, एवढीच माझी कार्यकारिणीस नम्र विनंती आहे. परक्यांची भाषा मी तीन महिन्यांत थोडीबहुत शिकलो. आपल्या माणसाला ‘ये’ म्हणावयास आपण आणखी वर्षे घालवू नयेत.