मूल उशिरा बोलते तेव्हा

"मुलगा आहे, बोलेल उशिरा, याचे अब्बाही उशिराच बोलले," असे घरोघरी ऐकू येते. दादीचा हेतू चांगला, पण त्यात मुलाची मोलाची वर्षे जातात. वर्षाचे मूल हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचे बोट दाखवून काही मागत नसेल, तर कानांची आणि स्वमग्नतेचीही तपासणी लगेच करून घ्या. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ती मोफत होते. हा आईच्या संगोपनाचा दोष नव्हे. सूनबाईला बोल लावू नका. उपचार म्हणजे बहुतांशी खेळच : चेंडू दाखवायचा, मूल हात पुढे करीपर्यंत थांबायचे, मग लगेच द्यायचा. हा खेळ घरी रोज तुम्हालाच खेळायचा आहे, अब्बांनीसुद्धा.